लिम्फोसाइट १२ टक्के आले म्हणजे आजार गंभीर आहे का?

तुम्ही विचारलंय, आई ६४ वर्षांच्या, ताप-खोकल्याचा चौथा दिवस, सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) एकूण पांढऱ्या पेशी ९,८००, त्यात न्यूट्रोफिल ८२ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), हे १२ ठळक अक्षरांत छापून आलेत, घाबरायचं का?

मी डॉक्टर नाही, कुडाळकडे एका लॅबमध्ये रक्त तपासतो. गौरी-गणपती उरकले की आमच्याकडे असे रिपोर्ट ढिगाने निघतात. चाकरमानी मोदक खाऊन परततात आणि सर्दी-ताप मागे ठेवून जातात.

आधी तो टक्का बाजूला ठेवा. एकूण पांढऱ्या पेशींना टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा. तुम्ही लिहिलेल्या ९,८०० चे १२ टक्के म्हणजे १,१७६. मोठ्या माणसात साधारण १,००० ते ४,००० असतात, म्हणजे आई काठावर आहेत पण आत आहेत. उलट कुणाचे २५ टक्के आले, रिपोर्टात काहीच ठळक नाही, पण एकूण पेशीच २,८००, तर त्याच्याकडे जेमतेम ७०० उरले. मला त्याची काळजी जास्त वाटेल. त्यात पावसात लाईट गेली की आम्ही काचपट्टीवर शंभर पेशी हाताने मोजतो. तिथले १२ पुन्हा मोजले तर ९ येतील, नाहीतर १६.

फ्लू किंवा कोविड जोरात असला की लिम्फोसाइट रक्तातून कमी होतात. काही फुप्फुसांकडे आणि लसिकाग्रंथींकडे जातात, काही मरतात. न्यूट्रोफिल मात्र अस्थिमज्जेतून भराभर बाहेर पडतात. म्हणून कोविडात या दोघांचं गुणोत्तर, एनएलआर (न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट), बघायची सवय लागली. निरोगी माणसात ते १ ते ३ च्या आसपास असतं. आईंचे न्यूट्रोफिल ८२, म्हणजे जवळपास ७. वाढलेलं आहे, खोटं कशाला सांगू.

पण ते कशाने वाढलं? २०२१ च्या लाटेत एका गावातून ओळीने रिपोर्ट यायचे: न्यूट्रोफिल ९०, लिम्फोसाइट ६, इओसिनोफिल (आणखी एक पांढरी पेशी) शून्य. माणूस मात्र स्वतः चालत आलेला! खोदून विचारलं तर पहिल्या दिवसापासून कागदात बांधून दिलेल्या सुट्या गोळ्यांच्या पुडीतून स्टेरॉइड चालू. स्टेरॉइडने रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात आणि लिम्फोसाइट घटतात, आजार वाढलेला नसला तरी. (ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्येच दिसलं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना होतो, इतरांना नाही. पुडी बांधणाऱ्याला कोण सांगणार?)

शिवाय दिवस भाद्रपदाचे. आई चिखलात, शेतात उतरल्या असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोतही (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापातही) न्यूट्रोफिल चढतात, तेव्हा प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बिलिरुबिन (काविळीसाठी) बघावे लागतात.

आणि नुसत्या आकड्यांवर विसंबू नका. त्याच वर्षी एक काका आमच्या बाकावर बसून म्हणत होते, "माका काय झाला नाय, नुसती सर्दी." लिम्फोसाइट ठीकच आले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८६. तिथूनच त्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं.

आईंचा ऑक्सिजन बसल्या जागी ९४ च्या खाली असेल, श्वास मिनिटाला ३० कडे गेला असेल, बोलताना दम लागत असेल किंवा त्या असंबद्ध बोलत असतील, तर आज रात्रीच न्या. यातलं काही नसेल तर उद्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि दोन दिवसांनी पुन्हा सीबीसी करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आईंनीही अशी पुडी घेतली असेल आणि तिच्यातली एखादी गोळी उरली असेल तर तीही बरोबर घ्या.