वहिनीचे पैसे गेले कुठे?

प्रश्न : ताई, माझा भाऊ मागच्या वर्षी वारला. वहिनी ३४ची, दोन मुलं, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे. संजय गांधी निराधारचा अर्ज मंजूर झाला पण खात्यात रुपया नाही. बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे, तहसीलवाले म्हणतात पैसे सोडले. तीन वेळा मजुरी पाडून गेली बिचारी. लाडकी बहीणचा फॉर्म भरू का तिचा? – एक नणंद, वाशीम जिल्हा

उत्तर : अगं, दोघंही बहुतेक खरंच बोलतायत, आणि म्हणूनच जास्त राग येतो, कारण मधली गोष्ट तिला कुणी सांगितलीच नाही. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग असणं (ते खातं आधारला नेमून दिलेलं असणं) वेगळं. सरकारी पैसे पासबुक बघून येत नाहीत, आधारला जी बँक शेवटची जोडली असेल तिथेच जातात. बचत गटासाठी उघडलेलं जुनं खातं असेल, नाहीतर सिमकार्ड घेताना अंगठा घेऊन कुणी मोबाईलवरच उघडून दिलेलं. तिच्या आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर मायआधारच्या साइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघ, बँकेचं नाव दिसेल. आधी त्या बँकेत जा, पैसे तिथेच पडून असतील. मग जे खातं हवंय त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म दे आणि पोच घे, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

लाडकी बहीणचा फॉर्म नको. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई त्यात बसत नाही, आणि निराधारचे १५०० आहेतच.

पण तू जे विचारलंच नाहीस ते जास्त महत्त्वाचं. बालसंगोपन योजनेत वडील गेलेल्या मुलाला महिन्याला २२५० मिळतात, दोन मुलांपर्यंत, म्हणजे वहिनीच्या घरात ४५००, तिच्या स्वतःच्या अनुदानाच्या तिप्पट! गावोगाव विधवा बायकांना हे माहीतच नसतं. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. शिवाय कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार एकदाच मिळतात, तो अर्ज तहसीलमध्येच, उशीर करू नका.

भावाचा मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून एकाच पिशवीत ठेव. आणि जमलं तर तिच्यासोबत तूच जा गं.