उभ्या गाडीतली पंधरा मिनिटे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

मोठी सेडान घेण्यासाठी तू पैसे साठवतो आहेस, म्हणून आधी तसलीच गाडी भाड्याने घेऊन चालवलीस, आणि आता गाडीच वाईट होती की आपल्यालाच ती झेपली नाही, या पेचात पडला आहेस. ती खड्ड्यांवर आदळत होती, अॅक्सिलरेटर दाबला तरी विचार करून निघत होती, स्टीअरिंग मध्येच ओढ घेत होते आणि बाजूने येणारी वाहने दिसत नव्हती, असे तू लिहितोस. मला सारे खरे वाटते. फक्त निघण्यापूर्वी उभ्या गाडीत तू किती वेळ बसलास, याविषयी तुझ्या एवढ्या लांब पत्रात एक अक्षरही नाही.

भाड्याच्या गाडीत आधीच्या माणसाची मापे शिल्लक असतात. त्याने इको मोड चालू ठेवला असेल, तर इंधन वाचवण्यासाठी अॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मुद्दाम मंद केलेला असतो. लेन राखणारी यंत्रणा चालू असेल, तर तू इंडिकेटर न देता रस्त्यावरचा पट्टा ओलांडताच ती स्टीअरिंग हलकेच मागे वळवते. उभ्या गाडीत पंधरा मिनिटे काढली असतीस, तर ही दोन्ही बटणे तुला सापडली असती. सीटचेही तसेच: पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे आणि छाती स्टीअरिंगच्या मध्यापासून किमान 25 सेंटिमीटर दूर राहिली पाहिजे.

आरशांविषयी मात्र मी थोडा चिडूनच लिहितो. बाहेरच्या आरशात आपल्याच गाडीची कड पाहत बसण्याची सवय जवळजवळ सर्वांना असते. जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने 1995 मध्येच दाखवून दिले होते की डोके खिडकीच्या काचेजवळ नेल्यावर आपली गाडी जेमतेम दिसेल इतका त्या बाजूचा आरसा बाहेर वळवावा, आणि दुसऱ्या बाजूचा आरसा डोके गाडीच्या मध्यावर आणून तसाच लावावा. मग न दिसणारा भाग बराच कमी होतो. याला दोन मिनिटेही लागत नाहीत!

आदळण्याचे म्हणशील, तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा तक्ता पाहिलास का? टायर थंड असताना पुढच्या आणि मागच्या चाकांत किती हवा हवी, हे त्यावर असते. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो आणि तोच प्रमाण मानून हवा भरणारे चांगल्या गाडीची बैलगाडी करून टाकतात. अर्थात, चाके 19 इंची असतील आणि टायरच्या बाजू पातळ असतील, तर तो कडकपणा हवेने जाणार नाही. जवळजवळ पाच मीटर लांबी, वळायला लागणारी मोठी जागा आणि मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे, छत पेलणारे जाड खांब हेही जाणार नाहीत. हे तिचे स्वतःचे दोष आहेत आणि त्यांच्यासाठी तू तिला खुशाल नाकार; पण पंधरा मिनिटे दिल्यानंतर.

माझ्या या हट्टामुळे सोबतचे वैतागतात. काही जण आता माझ्याबरोबर निघायचेच टाळतात, आणि त्याची मला खंत आहे. तरी काउंटरवरच्या माणसाच्या घाईसाठी मी गाडी जागची हलवणार नाही. ज्यांनी मला हट्टी म्हटले, त्यांच्यापैकी एकालाही स्वतःचा आरसा नीट लावताना मी पाहिलेले नाही, तेव्हा त्यांचे मत मी किती मनावर घ्यावे?

आणखी एक. भाड्याने देणारे साधारणपणे गाडीचा वर्ग देतात, ठरावीक मॉडेल नव्हे. त्यामुळे तुला घ्यायची असलेली गाडी तू अजून चालवलेलीच नसशील, हेही शक्य आहे. पावती पुन्हा वाच. मग त्याच मॉडेलची गाडी मिळव, तिच्यात आधी बस, टायरची हवा मोज आणि तक्त्यावरचा व मोजलेला असे दोन्ही आकडे मला कळव. ते येईपर्यंत घ्यावी की नाही, याविषयी मी काहीही लिहिणार नाही.

तुझा हितचिंतक