पॅरामीटर आणि कॉलमचं नाव एकच असेल तर?

फंक्शनचा पॅरामीटरही (त्याला बाहेरून दिलेलं मूल्य) 'आयडी', टेबलचा कॉलमही 'आयडी', म्हणून पोस्टग्रेस (डेटाबेस) 'संदिग्ध' म्हणत अडून बसतंय. खरं तर नशीब समजा! पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची भाषा) आवृत्ती 9.0 पासून निदान एरर तरी येते. मायएसक्यूएल (दुसरा डेटाबेस) गुपचूप दोन्हीकडे पॅरामीटरच धरतं; 'व्हेअर आयडी = आयडी' प्रत्येक ओळीला खरं ठरतं आणि डिलीट असेल तर अख्खं टेबल साफ. ओरॅकल उलट कॉलमला मान देतं, फटका तोच.

पॅरामीटरला 'पी_आयडी' म्हणा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी आधी फंक्शन ड्रॉप करावं लागेल, नुसत्या 'क्रिएट ऑर रिप्लेस'ने नाव बदलत नाही. ते नको असेल तर पॅरामीटरआधी फंक्शनचं नाव आणि टिंब लावा, कॉलमआधी टेबलचं. आणि हो, 'रिटर्न्स टेबल'मधली (फंक्शन परत देणाऱ्या कॉलमांच्या यादीतली) नावंसुद्धा पॅरामीटरच असतात. बहुतेकांना ठेच तिथेच लागते.