श्रीमंत देशांतली नोकरी आणि कामाचे तास: वाचकांचे प्रश्न

परदेशातल्या नोकरीत कामाचे तास, रजा आणि नोकरीची शाश्वती याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: देश श्रीमंत, म्हणजे तिथला कायदा नोकरदाराला सांभाळून घेणारच. प्रत्यक्षात हे देशागणिक बदलतं, आणि एकाच देशात नोकरीच्या प्रकारागणिकही बदलतं. म्हणून उत्तरांत नियमांचा तपशील जरा जास्त आला आहे. तो रुक्ष वाटला तरी सोडू नका, कारण मेख तिथेच असते.

प्रश्न: मुलगा टेक्सासमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे, एच-वन-बी व्हिसावर. गेलं वर्षभर आठवड्याला ६५-७० तास काम चाललंय. शनिवार-रविवारीही फोन येतात. जादा कामाचा एक डॉलर मिळत नाही. विचारलं तर म्हणतो, "बाबा, इथे असंच असतं." अमेरिकेसारख्या देशात हे कायद्यात बसतं का? (एक वडील, सातारा)

बहुतांशी बसतं. हे लिहिताना मलाही वाईट वाटतं, पण तुम्हाला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही.

अमेरिकेचा याबाबतचा मूळ कायदा १९३८चा, फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम घेतलं तर वरच्या तासांना दीडपट पैसे द्यायचे, हा त्याचा गाभा. हा कायदा जादा तासांची किंमत ठरवतो, मर्यादा घालत नाही. सोळा वर्षांवरच्या माणसाकडून आठवड्यात किती तास काम घ्यावं, याला केंद्रीय कायद्यात सर्वसाधारण हद्दच नाही. युरोपीय संघात ती सरासरी ४८ तासांची आहे, शिवाय वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा आहे. अमेरिकेत खासगी नोकरीत पगारी रजेचा एक दिवसही केंद्रीय कायदा देत नाही; आजारपणाचा नाही, सणाचाही नाही.

त्यात तुमच्या मुलाला दीडपट पैसेही मिळत नाहीत, कारण काही वर्ग या तरतुदीतून वगळलेले आहेत. प्रोग्रॅमर, सिस्टिम ॲनालिस्ट, सॉफ्टवेअर इंजिनिअर हे त्यांपैकीच. आठवड्याला ६८४ डॉलर किंवा जास्त ठरलेला पगार असला आणि काम त्या स्वरूपाचं असलं, की जादा तास फुकट. ही रक्कम वर्षाला जेमतेम साडेपस्तीस हजार डॉलर होते. म्हणजे 'मोठ्या पगाराच्या लोकांना संरक्षणाची काय गरज' हा युक्तिवाद इथे लागूच पडत नाही. कॅलिफोर्नियाने आपल्या राज्यात हीच रेषा वर्षाला लाख डॉलरच्या वर नेली आहे. टेक्सासने तसं केलेलं नाही.

मात्र एक पळवाट कंपन्याही काढतात आणि ती बेकायदा आहे. वगळणूक हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, रोजच्या कामावर ठरते. कार्डावर 'इंजिनिअर' असेल पण दिवसभर हेल्पडेस्कवर पासवर्ड बदलून देणं आणि ठरलेल्या यादीप्रमाणे यंत्रं बसवणं चालू असेल, तर त्याला जादा पैसे लागू होण्याची शक्यता दांडगी आहे. मुलाला सांगा, आपण रोज नेमकं काय करतो आणि किती वेळ, हे कंपनीच्या लॅपटॉपवर नव्हे तर स्वतःच्या वहीत लिहून ठेव. थकीत ओव्हरटाइमसाठी दोन वर्षं मागे जाता येतं, जाणूनबुजून बुडवला असेल तर तीन.

आता व्हिसा. एच-वन-बी हा मालकाच्या अर्जावर मिळणारा, त्याच्या नोकरीला बांधलेला व्हिसा. मोंटाना सोडलं तर अमेरिकेत सर्वत्र मालक कुठलंही कारण न देता कामावरून काढू शकतो. भेदभाव किंवा तक्रार केल्याबद्दलचा सूड असे अपवाद आहेत, पण ते सिद्ध करावे लागतात. तिथल्या नागरिकाची नोकरी गेली तर पगार जातो, आणि अनेकदा आरोग्य विमाही. तुमच्या मुलाची गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत नवा मालक शोधायचा, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर देश सोडायचा. शनिवारी वाजलेला फोन तो उचलतो तो या ६० दिवसांच्या भीतीने. त्याला भित्रा म्हणू नका.

तरी काही गोष्टी त्याच्या हातात आहेत. व्हिसासाठी कंपनीने अमेरिकी श्रम खात्याला पगाराबद्दल जे लेखी कबूल केलं, त्याची प्रत मागणं हा त्याचा हक्क आहे. प्रकल्प नाही म्हणून घरी बसवून पगार थांबवणं बेकायदा आहे. मुदतीआधी काढलं तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता तिथे रुजू होता येतं. म्हणून शोध नोकरी हातात असतानाच सुरू करावा.

तुम्ही टेक्सासचं नाव घेतलंत म्हणून एक सांगतो. ऑस्टिन आणि डॅलस या शहरांनी बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी-विश्रांतीची सुट्टी सक्तीची केली होती. २०२३ मध्ये राज्याने असे स्थानिक नियम निष्प्रभ करणारा कायदा केला. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने उष्णतेबद्दलचे नियम करण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकारच काढून घेतला. चाळीस अंशांत छप्पर घालणाऱ्या माणसाची दहा मिनिटं ज्या विधिमंडळाला जड वाटतात, ते तुमच्या मुलाच्या शनिवारसाठी धावून येईल अशी आशा मी ठेवत नाही.

प्रश्न: सून न्यू जर्सीत नोकरीला आहे, बाळंतपण जवळ आलंय. रजा किती मिळेल? (ठाणे)

केंद्रीय कायद्याने १२ आठवडे, तेही बिनपगारी, आणि तेही कंपनीत किमान ५० माणसं असतील व सुनेने तिथे १२ महिने आणि १,२५० तास काम केलं असेल तर. आपल्याकडे पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, हे आठवलं की धक्का बसतो. पण न्यू जर्सी हे स्वतःची पगारी कौटुंबिक रजेची योजना असलेल्या राज्यांपैकी आहे. तेव्हा तिला राज्याच्या योजनेखाली अर्ज करायला सांगा. फक्त कंपनीच्या एचआरवर विसंबू नका.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतर रुग्णालयात राबून घ्यायचं प्रशिक्षण) करते. 'ऐंशी तासांचा नियम' आहे म्हणते, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त भरतात आणि नोंद मात्र ऐंशीच होते. तक्रार का करत नाहीत ही मुलं? (एक आई, नागपूर)

आधी हा नियम कुठून आला ते बघू. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर प्रदीर्घ पाळीत होते आणि एकाच वेळी अनेक रुग्ण पाहत होते. तिच्या पत्रकार वडिलांनी प्रकरण लावून धरलं, आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची हद्द घातली. देशभर ती २००३ मध्ये आली. पण कायदा म्हणून नाही, तर प्रशिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची अट म्हणून. तीही चार आठवड्यांची सरासरी. सलग पाळी २४ तास, वर रुग्ण सोपवण्यासाठी आणखी चार. युरोपीय संघात याच शिकाऊ डॉक्टरांना सरासरी ४८ तासांची हद्द लागू आहे. तिथलेही डॉक्टर तयार होतातच.

मुलं तक्रार का करत नाहीत? नियम मोडल्याची शिक्षा प्रशिक्षणक्रमाची मान्यता जाण्यापर्यंत पोचू शकते, आणि मान्यता गेली तर नुकसान त्याच मुलांचं. खरे तास लिहिले तर आपल्याच पायाखालची जमीन सरकेल, अशी ही रचना आहे. शिवाय जागा 'मॅच' पद्धतीने मिळते, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालयं यांच्या पसंतीक्रमांवरून जोडी लावून. एक रुग्णालय मिळालं की पगार-पाळीची घासाघीस नाही, मध्येच दुसरीकडे जाणं जवळपास अशक्य. ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आव्हानाला टिकेल का, असा खटला उभा राहिला, तेव्हा २००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला कायद्यानेच सूट देऊन टाकली.

मुलीला दोन गोष्टी सांगा. मान्यता देणारी संस्था दरवर्षी निवासी डॉक्टरांची पाहणी करते. सगळ्या बॅचने एकत्र ठरवून खरं लिहिलं तर कुणा एकीवर बोट येत नाही. आणि तिच्या रुग्णालयात निवासी डॉक्टरांची युनियन आहे का, हे विचारायला सांगा. १९९९ पासून खासगी रुग्णालयांतले निवासी डॉक्टर हे विद्यार्थी असले तरी 'कर्मचारी'ही आहेत, हे तिथल्या श्रम मंडळाने मान्य केलेलं आहे. रात्रभर जागून पहाटे ती स्वतः गाडी चालवत घरी जात असेल, तर ते आजपासून बंद करायला सांगा. टॅक्सीचे पैसे मागावेत. निवासी डॉक्टर थकलेला असेल तर सुरक्षित घरी जाण्याची सोय करणं हे प्रशिक्षण देणाऱ्यांचं काम आहे.

प्रश्न: पुण्यात जपानी शिकून एन-टू (जपानी भाषा परीक्षेची वरून दुसरी पातळी) झालो. टोकियोच्या कंपनीची ऑफर आहे. पत्रात लिहिलंय, "पगारात महिन्याच्या ४५ तास ओव्हरटाइमचा समावेश." सही करू का? जपानमध्ये लोक कामाने मरतात म्हणतात, ते कितपत खरं?

मरतात. 'कारोशी' हा तिथे सरकारदरबारी नोंद होणारा, भरपाई मिळणारा मृत्यूचा प्रकार आहे. मरणाआधीच्या एका महिन्यात १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी ८० तास जादा काम झालं असेल, तर हृदयविकाराचा किंवा मेंदूच्या झटक्याचा कामाशी घट्ट संबंध मानतात. २०१५च्या डिसेंबरात देन्त्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली आणि ती अतिकामामुळे झाल्याचं सरकारने मान्य केलं. कंपनीला दंड झाला पाच लाख येन. एवढ्या मोठ्या कंपनीला हा काही दंड नव्हे. पण त्या मुलीच्या आईने गप्प राहायचं नाकारलं, आणि २०१८ मध्ये जादा तासांवर प्रथमच दंडासह हद्द घालणारा कायदा झाला: महिन्याला ४५, वर्षाला ३६०.

पण 'विशेष परिस्थितीत' हीच हद्द वर्षाला ७२० तासांपर्यंत आणि एखाद्या महिन्यात १०० च्या आतपर्यंत जाते. म्हणजे कायद्याने मान्य केलेली कमाल आणि मृत्यूचं कारण ठरवणारी रेषा एकमेकींना चिकटूनच आहेत. मालवाहू चालक, बांधकाम कामगार आणि डॉक्टर यांना २०२४ पर्यंत यातून वगळलं होतं, आणि आजही काही डॉक्टरांना वर्षाला १,८६० जादा तासांची मुभा आहे. मला ही तडजोड अमानुष वाटते.

तुमच्या ऑफरबद्दल. ठरावीक ओव्हरटाइम पगारात धरणं बेकायदा नाही, पण मूळ पगार किती, ४५ तासांचे किती, आणि ४६व्या तासापासून वेगळे पैसे मिळतील, हे तिन्ही लेखी असायला हवं. आकडे वेगळे काढून मूळ पगाराचा तासाचा दर मोजा. ऑफर एकदम लहान दिसू लागेल. साधारण हद्दीइतके सगळे तास आधीच विकत घेणारी कंपनी ते वापरणार, असं धरून चाला. भरती करणाऱ्याला विचारा की त्या विभागात गेल्या वर्षी सरासरी किती जादा तास झाले. कामगार कायदे मोडणाऱ्या कंपन्यांची यादी जपानचं श्रम मंत्रालय २०१७ पासून प्रसिद्ध करतं. तुम्हाला जपानी वाचता येतं, तीत नाव शोधा. तुमचा अभियंता-तज्ज्ञ वर्गाचा व्हिसा एका कंपनीला बांधलेला नसतो. बेमुदत करार असेल तर दोन आठवड्यांची सूचना देऊन सोडता येतं. मालक बदलल्याची नोंद १४ दिवसांत करायची. 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' म्हणून नेऊ असं कुणी म्हणालं तर मात्र थांबा: त्या वाटेने गेलेल्यांना आपल्या मर्जीने मालक बदलता येत नाही, आणि सर्वांत वाईट छळाच्या कहाण्या तिथूनच येतात.

प्रश्न: इथे लोक बारा-बारा तास राबतात. परदेशात जाऊन पैसे कमावणाऱ्यांचं एवढं काय घेऊन बसलात? कष्टाशिवाय कुठला देश मोठा झाला? (सोलापूर)

इथल्या बारा तासांचा राग मलाही आहे, आणि तो या पत्रांमुळे कमी होत नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य तपासून पाहा. जर्मनीत माणशी वर्षाला सरासरी साधारण १,३४० तास काम होतं, अमेरिकेत १,८०० च्या आसपास. जर्मनी काही गरीब राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्याने एका वर्षात, म्हणजे २०१६ मध्ये, ७ लाख ४५ हजार माणसं हृदयविकाराने आणि पक्षाघाताने गेली. ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त.

आणि रविवारची सुट्टी तुम्हालाही कुणी कृपा म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षं अर्ज, सभा आणि सह्या करून मिळवून दिली. अमेरिकेत २०२२ मध्ये रेल्वे कामगारांनी आजारपणाच्या पगारी रजेसाठी संपाची तयारी केली, तर काँग्रेसने ती रजा नसलेला करार त्यांच्यावर कायद्याने लादला. देश श्रीमंत असला म्हणून तिथे लोखंडे लागत नाहीत, असं नाही.

प्रश्न: मी नर्स आहे, जर्मनीला जायचं ठरतंय. तिथे तरी निर्धास्त राहू ना? (कोल्हापूर)

बरीचशी. दिवसाला आठ तास, फार तर दहा पण सरासरी आठच. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा. आजारी पडलात तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. मात्र नोकरीला चार आठवडे पूर्ण झालेले हवेत. रुग्णालयात हजर राहून केलेली ऑन-कॉल पाळी कामाच्या तासांत धरतात.

जपायचं ते दोन ठिकाणी. एक, पहिले सहा महिने चाचणीचे: त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर काढता येतं. दुसरं, करारातलं परतफेडीचं कलम. 'अमुक वर्षांआधी सोडलंत तर भाषावर्ग, विमान, दलाली यांचे इतके युरो भरा' असं काही लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी 'फेअर इंटिग्रेशन' या मोफत सल्ला केंद्राला करार दाखवा. युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांसाठीच ती केंद्रं आहेत. एजंटने तुमच्याकडून भरतीचे पैसे मागितले तर तो एजंट सोडा. नर्सच्या जागेऐवजी कुणाच्या घरी राहून वृद्धाची चोवीस तास सेवा करण्याचं काम पुढे केलं, तर नाही म्हणा. २०२१ मध्ये एका बल्गेरियन सेविकेला अशाच कामाच्या थांबून राहण्याच्या तासांचंही किमान वेतन मिळायला हवं, हे मान्य करून घ्यायला जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत जावं लागलं. ती तर युरोपीय संघाची नागरिक होती. तुमचा तिथे राहण्याचा परवाना सुरुवातीला नोकरीवर अवलंबून असेल, तेव्हा कराराची जर्मन आणि इंग्रजी, दोन्ही प्रती निघण्याआधी हातात घ्या आणि एक घरी ठेवून जा.