राशिभविष्य वाच, पण वही उघडून

साप्ताहिक राशिभविष्य वाचायची सवय सोडून द्यावी का, असं तू विचारलंस. नको सोडूस. ऑफिसमधले हसतात एवढ्यासाठी तर मुळीच नको. आठवड्यातून एकदा थांबून ‘आपलं काय चाललंय’ असं स्वतःला विचारणारी माणसं थोडी असतात, आणि तू ते न चुकता करतेस. वाचायची पद्धत मात्र बदलायला हवी. ती का, हे जरा सविस्तर सांगतो.

हे सदर काय आहे ते आधी नीट समजून घे. ज्योतिष जुनं आहे, पण वर्तमानपत्रातलं राशिभविष्य आजच्या रूपात शंभर वर्षांचंही नाही. ऑगस्ट १९३० मध्ये ‘संडे एक्सप्रेस’ या लंडनच्या वर्तमानपत्राने नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचं भविष्य आर. एच. नेलर यांच्याकडून लिहून घेतलं. वाचकांना ते इतकं आवडलं की नेलर यांचं सदरच सुरू झालं, आणि पुढे सगळ्या वाचकांना बारा राशींत वाटून टाकायची रीत पडली. तू हिशेब करून बघ. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर, म्हणजे एकेका राशीच्या वाट्याला निदान ६६ कोटी माणसं. तुझ्या राशीखालची ती चार वाक्यं एवढ्या सगळ्यांना पुरवायची असतात. त्यातही पाश्चात्य सदरं सूर्यराशीवर चालतात, म्हणजे जन्माच्या वेळी सूर्य ज्या राशीत होता तिच्यावर, आपली बहुतेक चंद्र ज्या राशीत होता त्या चंद्रराशीवर, आणि दोन्हीकडे राशिचक्र जिथून मोजायला सुरुवात होते ती जागाही सुमारे २४ अंशांनी वेगळी. म्हणून मोबाइलवरच्या ॲपमध्ये सिंह असलेली तू मराठी साप्ताहिकात वृश्चिक निघालीस, तर त्यात कुणाची चूक नाही.

तरीही वाचताना ‘हे अगदी माझंच आहे’ असं वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी चारच्या वर गेली. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेली होती. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलांची ही गत, मग तुझं-माझं काय घेऊन बसलीस?

भाकीत म्हणून याची किंमत किती, तेही बघून टाकू. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि गतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून, कुठली कुणाची ते ओळखायला ज्योतिषांना दिल्या होत्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आलीच असती. इथे तर पूर्ण पत्रिका समोर होती, सदरात नुसती रास असते. तेव्हा पुढचा आठवडा कसा जाईल हे त्या सदरातून कळेल, ही अपेक्षा आजपासून सोड.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं तो मुद्दा. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो आणि बारा राशी सुमारे २७ दिवसांत फिरून येतो. ‘आठवड्याच्या सुरुवातीला चंद्र चतुर्थात’, म्हणजे तुझ्या राशीपासून मोजून चौथ्या राशीत किंवा स्थानात, ही भाषा त्यातून येते. तृतीय स्थान भावंडांचं, चतुर्थ घराचं आणि आईचं, पंचम विद्येचं आणि मुलांचं, षष्ठ आजार, कर्ज आणि वैर यांचं, सप्तम जोडीदाराचं, दशम कामाचं, बारावं खर्चाचं. ही यादी ज्यांनी केली त्यांनी माणसाचं आयुष्य फार बारकाईने पाहिलं होतं, असं मला मनापासून वाटतं. काही सुटलेलं नाही. आणि महिनाभरात प्रत्येक विषयाची एकदा तरी पाळी येते.

आपल्या मनाचं तसं होत नाही. तुझ्या पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नोकरीच आहे. बढती, साहेब, शेजारच्या टेबलावरची ती मुलगी. अशा वेळी सदरात ‘भावंडांशी संवाद वाढेल’ असं आलं, तर तो संवाद चंद्र घडवून आणणार नाही. पण भावाशी आपण शेवटचं मोकळेपणाने कधी बोललो, हा प्रश्न त्या वाक्याने तुझ्यापुढे ठेवला. एरवी तो तुला कुणी विचारला नसता, आणि तुझा तुलाही सुचला नसता. माझ्या लेखी या सदराचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

म्हणून प्रत्येक वाक्य प्रश्न समजून वाच. समज, असं छापून आलंय: ‘जवळच्या व्यक्तीशी जुना विषय निघेल, शब्द जपून वापरा.’ यात व्यक्ती कोण, विषय कुठला, काहीच सांगितलेलं नाही. तरी वाचता क्षणी तुझ्या डोळ्यांपुढे एक चेहरा आला असणार. तो सदर लिहिणाऱ्याने पाठवलेला नाही, तुझ्या आतून आलाय. त्या माणसाचं नाव वहीत लिही. खाली तो जुना विषय काय होता ते लिही, आणि जमलं तर जे बोलायचं राहून गेलं तेही. वाक्य वाचून काहीच आठवलं नाही तर ओढूनताणून जुळवू नकोस, सरळ पुढे जा.

लिहिताना भविष्याची भाषा वापरायची नाही, हे मात्र कटाक्षाने पाळ. ‘आठवडा संमिश्र गेला, मानसिक ताण जाणवला’ असं लिहिलंस तर तू सदरच लिहिलंस, स्वतःबद्दल काही लिहिलं नाहीस. ‘बुधवारच्या मीटिंगमध्ये माझं काम दुसऱ्याच्या नावाने मांडलं गेलं आणि मी गप्प बसले’ असं लिही. चार महिन्यांनी वही उलटून पाहशील तेव्हा असली वाक्यंच उपयोगी पडतील.

आणि आधी गेल्या आठवड्याचं लिहून काढ, मग सदर उघड. उलटं केलंस तर आठवणी भविष्याप्रमाणे वळायला लागतात. जुळलेलं लक्षात राहतं, न जुळलेलं विसरून जातं. अधूनमधून दुसऱ्याच एखाद्या राशीचंही वाच. तेही तितकंच लागू पडलं, तर जुळवणारी तू आहेस हे तुझं तुलाच दिसेल.

बहिणीच्या साडेसातीचं तू विचारलं होतंस. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि साडेसाती धरतात ती जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास, अशा तीन राशींतून. म्हणजे कुठल्याही घडीला बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. चार माणसांमागे एक. तिला हा हिशेब समजावून सांग. कुणी भीती घालून महागडे उपाय गळ्यात मारत असेल, तर तिच्याबरोबर तू जा आणि तिला तिथून उठवून आण. यात भीड बाळगू नकोस. जे वाचून आठवडाभर धास्ती बसते, ते वाचणं चिंतनाच्या कामाचं राहत नाही. तुझंही कधी तसं झालं तर महिनाभर सदर बंद ठेव, वही चालू ठेव.

राहता राहिलं ते तुला आलेलं मुलाखतीचं बोलावणं. ‘महत्त्वाचे निर्णय पुढे ढकला’ असं आलं म्हणून तू त्यांना अजून उत्तर दिलेलं नाहीस, हे वाचून मला काळजी वाटली. त्या ओळीने तुला अडवलं नाही. तुला थांबायचंच होतं, आणि ती ओळ आयती मिळाली. त्यांना आजच कळव. जायचं नसेल तर नाही म्हण, पण कारण तुझं असू दे. आणि जायची भीती वाटत असेल, तर ती नेमकी कशाची आहे ते या रविवारी सदर उघडण्याआधी वहीत लिही. मला पाठवावंसं वाटलं तर पाठव, त्यावर सावकाश बोलू.