व्हिसासाठी गाळलेलं वाक्य

प्रिय,

‘सर, व्यवहारी व्हायला नको का?’ म्हणून विचारलंस. व्हिसाची मुदत संपत आलीय, म्हणून बातमीतलं तुरुंगातल्या कैद्यांबद्दलचं एक वाक्य काढू का? नको काढूस.

गॅरेथ जोन्स आठव, सोव्हिएत युक्रेनमधला दुष्काळ जगाला सांगणारा वेल्श पत्रकार. मार्च १९३३, वय २७. मॉस्कोहून खारकिव्हला निघालेल्या गाडीतून तो मध्येच उतरला आणि बर्फातून गावोगाव पायी हिंडला. त्या प्रवासात गाडीत एक कम्युनिस्ट त्याला सांगत होता, दुष्काळबिष्काळ काही नाही. जोन्सनं हातातला पावाचा तुकडा पिकदाणीत टाकला. शेजारच्या शेतकऱ्यानं तो उचलून अधाशासारखा खाल्ला. मग संत्र्याची साल टाकली, तीही खाल्ली. कम्युनिस्ट गप्प झाला.

बर्लिनला येऊन जोन्सनं हे सांगितलं. दोनच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतला बातमीदार वॉल्टर ड्युरँटी, आदल्याच वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर मिळालेला, त्यानं जोन्सला खोटं ठरवलं. मॉस्कोतल्या बाकीच्या परदेशी बातमीदारांना दुष्काळ ठाऊक होता. पण मॉस्कोत ब्रिटिश इंजिनिअरांवरचा खटला तोंडावर होता, त्याच्या बातम्या पाठवायला सेन्सॉरची मर्जी हवी होती. त्यांच्यातल्याच युजीन लायन्सनं पुढे हे कबूल केलं.

मी ड्युरँटी नव्हतो, असं स्वतःला बरीच वर्षं सांगतोय. मी एकच परिच्छेद गाळला. तिथला अधिकारी चहा पुढे सरकवत म्हणाला, ‘तुमचं प्रेस कार्ड पुढच्या आठवड्यात होईल.’ एवढंच. खोलीवर येऊन मी ट्रकमध्ये कोंबून नेलेल्या माणसांचा परिच्छेद काढला. कार्ड झालं. पुढे चार वर्षं राहिलो, बऱ्या बातम्याही केल्या, त्या वाचूनच तू या धंद्यात आलीस. शिवाय माझा ड्रायव्हर तिथलाच, लेकुरवाळा. त्याला उचलला असता. हे खरंच आहे. पण त्या रात्री मला त्याची आठवणही झाली नव्हती. ते कारण मला नंतर सापडलं.

म्हणून सांगतो, दुभाष्याचं नाव, गल्ली, गाडीचा नंबर बेलाशक गाळ. घडलेलं गाळू नकोस. हा फरक तुला कळत नाही असं नाही. कळूनही तू माझ्याकडून परवानगी मागतेयस, आणि त्याचाच मला राग आलाय.

आज दुभाष्यासोबत बस. काय छापून आल्यावर त्याच्या दारावर थाप पडेल, हे तोच सांगेल; त्याचं ऐक. मग वाक्य होतं तिथे परत घाल आणि पाठव. हाकललंच तर दादरला उतर. आमची मागची खोली रिकामीच आहे, फक्त पंखा आवाज करतो.