संशय येणे, संशय घेणे, संशय धरणे

प्रश्न असा : घरात दीर्घ आजारपण चालू असताना एखादी ख्रिस्ती बाई 'मला देवाविषयी संशय येतो' म्हणाली, तर तो 'अविश्वास' झाला का? आणि तिच्यासाठी प्रार्थना लिहायची तर कोणता शब्द घ्यावा?

अविश्वास झाला नाही. गोंधळ होतो तो 'संशय' या शब्दाच्या वजनामुळे. गीतेतल्या 'संशयात्मा विनश्यति'ची छाया त्यावर आहेच. शिवाय रोजच्या बोलण्यात 'संशयी' म्हटले की बायकोचा फोन तपासणारा नवरा डोळ्यांपुढे येतो. म्हणून 'संशयी थोमा' हा प्रवचनांत रुळलेला प्रयोग मला खटकतो. (थोमा म्हणजे येशू पुन्हा उठला हे स्वतः पाहिल्याशिवाय न मानणारा शिष्य.) बायबलात त्याच्या प्रसंगी, योहान 20:27 मध्ये, येणारा ग्रीक शब्द 'आपिस्तोस', म्हणजे विश्वास नसलेला. दगाफटक्याचा वहीम त्यात नाही.

मराठीत खरा फरक क्रियापद करते. संशय 'येतो' तो आपोआप, ताप यावा तसा. संशय 'घेतला' की समोरच्यावर आरोप झाला. संशय 'धरला' म्हणजे आलेला सोडला नाही. मत्तय 14:31 मध्ये पाण्यावरून चालताना घाबरून बुडू लागलेल्या पेत्र या शिष्याला येशू विचारतो, 'तू संशय का धरलास?' तिथले ग्रीक क्रियापद 'दिस्ताझो' नव्या करारात दोनदाच आढळते, दोन्ही वेळा मत्तयात. दुसरी जागा 28:17 : पुनरुत्थित येशूला नमन करणाऱ्या शिष्यांतही काहींना संशय वाटला, आणि सर्व राष्ट्रांना शिष्य करा ही पुढची आज्ञा देताना त्यांना वगळलेले नाही. पेत्राच्या प्रसंगातला क्रमही पाहण्यासारखा आहे. येशू आधी हात पुढे करून त्याला धरतो, मग विचारतो. धीर द्यायला गेलेली मंडळी नेमका हा क्रम उलटा करतात : 'तुमचा विश्वास कमी पडला' हे आधी, हात नंतर. बाई मग चर्चमध्येच तोंड उघडत नाही.

आडवे येते ते याकोब 1:6-8. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, 'द्विबुद्धीचा', असे तिथे आहे. पण तो इशारा आहे एकीकडे देवाकडे मागायचे आणि दुसरीकडे मन भलतीकडे ठेवायचे, अशा दुटप्पी वृत्तीला. थकलेल्या माणसाला नव्हे. शिवाय तिथले 'दियाक्रिनो' हेच क्रियापद यहूदाच्या पत्रात 22व्या वचनात येते, आणि तिथे सांगणे आहे, अशांवर दया करा. याकोबाचे वचन रुग्णाच्या उशाशी वाचू नये.

'अविश्वास' हा शब्दही दरवेळी नकाराचा नसतो. मार्क 9:24 मध्ये आजारी मुलाचा बाप एका दमात दोन्ही बोलतो : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. मुलगा बरा होतो. आधी विश्वास पुरा कर, अशी अट त्याला घातलेली नाही.

आता प्रार्थनेचा मसुदा. 'तिचा संशय दूर कर' असे लिहू नये. ऐकणाऱ्यांना तो दोषारोप वाटतो. 'विश्वास डळमळणे' हा आपला जुना, नेमका प्रयोग आहे : 'प्रभो, हिचा विश्वास डळमळतो आहे. जेवढा उरला आहे तेवढ्यानिशी ती तुझ्यापुढे आली आहे.' पुढे तिचे गाऱ्हाणे तिच्याच शब्दांत, दोन-तीन वाक्यांत यावे. तेराव्या स्तोत्रात 'किती काळ?' हा सवाल चार वेळा येतो, मगच सूर बदलतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर तो बदलतच नाही. शेवट अंधारातच होतो. त्यामुळे शेवटी 'तरीही आम्ही आनंदी आहोत' हे शेपूट जोडायलाच हवे असे नाही. ते तिच्या तोंडून आले तर ठेवावे.

'शंका' हा शब्द निराळ्या कामाला राखावा. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय, अमुक वचनाचा अर्थ काय, या शंका. त्या पाळकांना किंवा फादरना विचारून फिटतात. 'माझ्याच मुलाला का?' ही त्या जातीची शंका नाही, तिचे निरसन करायला बसू नये.